दत्ताचा चुना

दत्ता राणे गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, ते भिंतीवर वाचावं लागलं. मी नागपूरला लेकीकडे गेलो होतो. परत आलो, मुलुंड स्टेशनवरून पिशव्या सांभाळत चालत गल्लीत वळलो, तर आमच्या सोसायटीच्या कंपाउंडवर हातभर उंचीची लालभडक अक्षरं... वॉर्डातल्या एका स्वयंघोषित नेत्याचं नाव! आणि त्याखाली बोटभर अक्षरांत, 'कै. दत्ताजी राणे यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' रडू यायच्या आधी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही आठवडे झाले, ती अजून विझलेली नाही.

दत्ता माझा शेजारी आणि दोस्त. मालवणकडचा, गिरणीत मागावर होता. संपात गिरणी गेली तेव्हा भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये लागला, पण त्याचं बोलणं कमी झालं ते झालंच. मग ती निवडणूक आली. एवढं मोठं बहुमत या देशानं कधी पाहिलं नव्हतं. निकालाच्या दिवशी आमच्या टीव्हीसमोर सगळा मजला जमला होता आणि दत्ता दाराशी उभा राहून डोळे पुसत होता. "अरे, रडतोस काय?" मी म्हटलं. "रडणंय नाय रे. इतक्या वर्सांनी वाटता, ह्यो देश आपलो आसा. आता कायतरी होतला." मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? त्या दिवसांत आम्ही सगळेच छाती काढून चालत होतो.

पुढच्याच रविवारी हा बादली घेऊन खाली उतरला. कोकणात गणपती यायच्या आधी घराला चुना काढतात, तसा त्यानं आमच्या कंपाउंडला काढायला घेतला. आदल्या दिवशी भिजवलेला चुना, त्यात मूठभर मीठ, जराशी नीळ. "नवीन राज्य इला हा, आणि भिंत अशी?" प्रचारात भिंतीची पार वाट लावली होती सगळ्यांनी. दत्तानं सगळ्यांची चिन्हं पुसली, स्वतः ज्याला मत दिलं त्याचंसुद्धा. झकास पांढरी भिंत! आठवडाभर टिकली. मग त्या नेत्याच्या पोरांनी 'मतदारांचे जाहीर आभार' रंगवले. दत्तानं पुसले. मग नेत्याचा वाढदिवस. तोही पुसला. तेव्हा एकानं येऊन बादलीला लाथ मारली. "तुझ्या बापाची भिंत आहे काय रे?"

"बापाची नाय, सगळ्यांची आसा. म्हणान पुसतंय," दत्ता म्हणाला आणि सांडलेला चुना परत गोळा करायला लागला.

आणि आमची सोसायटीची कमिटी? शिकलेसवरलेले, ऑफिसात साहेब म्हणवणारे लोक! मीटिंगमध्ये म्हणतात, 'राण्यांना आवरा, नसती भानगड नको.' मी भांडभांड भांडलो, उपयोग शून्य. लाज कशी वाटली नाही कुणाला? शेवटी मीच वैतागून दत्ताला म्हटलं, "सोड ना यार. अजून वाटतं तुला, काही होईल?" तो शांतपणे म्हणाला, "माझा मत तेंका चालता, मग माझो चुनो कित्याक चालणा नाय?"

आणि अशा माणसाच्या नावानं त्याच भिंतीवर स्वतःची जाहिरात! कारखान्यात काम करता करता छातीत कळ आली, हॉस्पिटलात पोचायच्या आत दत्ता गेला. त्याला खांदा द्यायला यातलं कुणी फिरकलं नव्हतं म्हणे. रंगाचा डबा घेऊन मात्र लगेच आले.

त्या दिवशी भिंत वाचून तसाच दत्ताच्या बायकोकडे, शालिनीवहिनींकडे गेलो. ते सगळं पुसायचं मनात होतं, पण जीभ उचलेना. त्या भिंतीवर दत्ताचंही नाव होतं ना. जन्मात कुठे झळकलं नव्हतं त्याचं नाव, दारावर पाटीसुद्धा नव्हती. "वहिनी, तुम्हाला चालणार असेल तर..." मी कसाबसा सुरू झालो. त्या मोरीत गेल्या आणि बादली ओढत घेऊन आल्या.

"कालच भिजवलाय भाऊजी. तुमची वाट बघत होते."

सुतकात बाई घराबाहेर पडून भिंतीशी आली म्हणून गॅलरीतून माना बाहेर आल्या. येऊ देत! मी कुंचला बुडवला आणि रागारागानं त्या लाल अक्षरांकडे वळलो. वहिनींनी तो माझ्या हातातून घेतला. खाली वाकल्या आणि पहिला हात दत्ताच्या नावावरून फिरवला.

"आधी ह्येंचा," त्या म्हणाल्या. "नायतर म्हणतीत, आपला नाव तेवढा ठेवल्यान."