अंगठ्यावरचा वण

बायांनो, आज सकाळी जे झालं ते नातीकडून लिहून घेते, न्हाई तर डोकं फुटंल.

माझी नात वैशाली बोरीत मेडिकलवर कामाला हाय. रविवारी परभणीच्या कॉलेजात फॉरेन्सिक शिकती, म्हंजी गुन्ह्याचा माग काढायचं शिक्षण. "मुडदे तपासणाऱ्या पोरीला कोण करून घेईल?" असं मीच तिला टोचायचे.

आज तिनं अभ्यासासाठी माझ्या डाव्या अंगठ्याला शाई फासली. ठशात मधोमध आडवी पांढरी रेघ उमटली. लहानपणी ज्वारी काढताना विळा लागलता, त्याचा वण. तवा माझ्या भावानंच हळद दाबून चिंधी बांधली होती.

वैशाली उठली आन पेटीतून माझ्या माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्राची नक्कल घेऊन आली. मी हिस्सा सोडला म्हणून त्याच्यावर माझ्या नावानं डावा अंगठा हाय. मी तो कवा दिला, ते मला काही केल्या आठवत नव्हतं. भाऊ म्हणायचा, "अक्का, तूच दिलास. म्हातारपणी इसरायलीस." दोन वर्षं मला खरंच वाटलं, आपलंच डोकं चळलंय.

कागदावरच्या ठशात रेघच न्हाई.

लगेच भावाला फोन लावून रेघेचं सांगितलं. म्हणला, "जाऊ दे की अक्का, दर भाऊबिजेला लुगडं घेतो ना?"

मी म्हणलं, "मी काहीच इसरले न्हाई. चिंधी कुणी बांधली, ते तू इसरलास."

तुमच्या माहेरच्या कागदावर कुणाचा अंगठा हाय, बघितलाय का कवा?