गच्चीवरच्या निळ्या पराती

गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर काकांनी माझी बॅग गाडीत चढवली आणि खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "ऊन काय तिकडं येगळं पडतंय व्हय गं?" अव्वा, म्हणजे माझी आई, डोळे पुसत होती. नाहीतर आमचं तिथंच वाजलं असतं.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. कोल्हापुरात पीएचडी करून मी कोरियाला निघाले होते. तेव्हा आमच्यातले बरेच केमिस्ट्रीवाले तिकडं गेले; हे वाचणाऱ्यांतही असतील. कापड रंगवून उरलेलं पाणी ओढ्याला जातं आणि त्यातला रंग सहजी मोडत नाही. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या रंगात असते ती पांढरी पावडर टाकून पाणी उन्हात ठेवलं, की प्रकाशानं पावडर कामाला लागते आणि रंगाचे तुकडे पाडते. स्वतः खर्च होत नाही. हे माझं काम.

कोरियात ऊन सोडाच, लॅबला खिडकीही नव्हती. तळघर, उन्हाऐवजी जांभळे दिवे, जेवणात कोबीची किमची आणि तिच्या शेजारी माझी शेंगदाण्याची चटणी. प्रोफेसर म्हणाले, उन्हाचा भरवसा नाही, रोज वेगळं पडतं, दिव्यावरच काम कर. मी म्हटलं, आमच्याकडं विजेचा भरवसा नाही. दिवे लावून ओढा कोण साफ करणार? मला लॅबची गच्ची द्या, उन्हात करते. तिथं प्रोफेसरांना उलट बोलायची रीत नाही. मी बोलले, म्हणून त्यांनी गच्ची दिली नाही. मी मागतच राहिले.

मे महिन्यात घरी आले तर काका दारातच म्हणाले, "या पावणं." ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गच्चीवर दोन पराती मांडल्या. दोन्हींत निळ्या रंगाचं पाणी, पावडर एकीतच. काका म्हणाले, "हळदीचा डाग बी उन्हात जातोय की. त्यासाठनं कोरियाला कशाला जायाला पायजे?" भेटायला येणाऱ्यांतच माझा दिवस गेला. संध्याकाळी वर जाऊन बघते तर साधं पाणी जरा फिकटलेलं आणि पावडरीचं गर्द निळं. काका पोट धरून हसले.

सांडग्यांवर टाकतात तशी अव्वानं त्या परातीवर जुनी इरकल साडी दुहेरी करून टाकली होती. "कावळं त्वांड घालत्यात गं. तुझं मोलाचं औषध, म्हून झाकलं," ती म्हणाली.

तिच्यावर काय चिडणार? काकांना म्हटलं, उद्या तुम्ही दिवसभर इथंच बसायचं. या खेपेला तीन पराती मांडल्या: एक बिनपावडरीची, एक पावडरीची उघडी, एक पावडरीची पण इरकलीखाली. काका छत्री उघडून बसले, मी पळीनं ढवळत राहिले. उन्हं उतरली तशी उघड्या परातीतली पावडर तळाला बसली आणि वर नितळ पाणी राहिलं. बाकी दोन्ही निळ्याच. काकांनी वाकून तिन्ही पराती बघितल्या.

"म्हंजे नुसतं ऊन बी न्हाय, नुसती पावडर बी न्हाय," ते म्हणाले. "दोन्ही पायजेत की."

परत गेल्यावर प्रोफेसरांना हे सगळं ऐकवलं आणि पुन्हा गच्ची मागितली. ते हसले नाहीत. किल्ली दिली.

आता नोकरी तिकडं, संसारही तिकडंच. गावात विचारतात, कायमची कधी येणार? तिकडं विचारतात, आता इथलीच ना? दोन्ही प्रश्नांचा मला सारखाच राग येतो. जिथं आपली परात उन्हात ठेवायला कुणाला विचारावं लागत नाही, ते घर. अशा दोन गच्च्या मी भांडून मिळवल्यात. त्यातली एकही सोडणार नाही.