दत्तरावांना अडलेला शब्द

आमच्या वालूरला इंग्रजी पत्र आलं की ते दत्तरावांच्या ओट्यावर जाई. दत्तराव तहसीलमधले निवृत्त कारकून. शिक्षण सगळं निजामाच्या राज्यात, उर्दूतून. इंग्रजी ते सरकारी कागद नकलून नकलून शिकलेले. चष्मा पुसायचे, अख्खं पत्र आधी इंग्रजीत मोठ्यानं वाचायचे, मग मराठीत सांगायचे. कळो न कळो, आम्ही माना डोलवत बसायचो.

त्र्याऐंशी साली शेजारच्या सुमनबाईंची कावेरी असंच एक पत्र घेऊन आली. पोरगी गावात बालवाडी चालवायची, आणि परभणीला एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखत देऊन आली होती. पत्रात होतं, ‘अपॉइंटमेंट इज केप्ट इन अबेयन्स.’ शेवटच्या शब्दाला दत्तराव अडले. मी बघितलं ना! पण ओटा माणसांनी भरलेला आणि सगळे त्यांच्या तोंडाकडं बघायलेले.

“केप्ट म्हणजे ठेवली,” ते म्हणाले. “नौकरी ठेवली तुझी. पेढे आण, पोरी!”

पेढे आले. मीही दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दत्तराव गुपचूप हायस्कुलात गेले आणि तिथली जाडजूड डिक्शनरी उघडली. अबेयन्स : काही काळ अंमलात नसणे, तहकुबी. वापर बहुतेक हक्काच्या आणि हुकमाच्या कागदांत. म्हणजे नौकरी रद्द नाही, पण मिळालेलीही नाही. यालाच उर्दूत मुल्तवी म्हणतात, आणि तो शब्द दत्तरावांनी तरुणपणी शेकडो कागदांवर स्वतःच्या हातानं लिहिलेला होता.

अरे बाबा, मग ऊठ की, जा की तिच्या घरी! पण नाही. हा माणूस तीन दिवस घरात बसून राहिला. “लाज वाटली हो, भगवानराव,” असं पुढं मला म्हणाले. मला त्याचा अजून राग येतो.

चौथ्या दिवशी गेले. कावेरी नुकतीच बालवाडीतून परतली होती. राजीनामा देऊन, किल्ल्या पंचफुलाच्या हवाली करून. पंचफुला सरपंचाची भाची. ती जागा आता कसली परत मिळते!

दत्तरावांनी दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सुमनबाई कपाळाला हात लावून मटकन खाली बसल्या. कावेरी रडली नाही की ओरडली नाही.

“काका,” ती म्हणाली, “‘मला ठाव न्हाई’ म्हणायला इंग्रजी कशाला लागतंय?”