दोऱ्याने मोजलेली दिल्ली

गिरगावातल्या आमच्या खानावळीत एक गृहस्थ रोज ताट येईपर्यंत दिल्लीचा नकाशा पसरून बसायचे. मोटार नव्हती, म्हणून टांग्याने आणि पायी दिल्ली बघायचा त्यांचा बेत. लाल किल्ला ते कुतुबमिनार दोऱ्याने मोजायचे आणि वाढप्याला ऐकवायचे, "जाईन तर पद्धतशीर जाईन!" जाणं मात्र दर वर्षी पुढे.

एकदा खालून गिरणी कामगारांचा जथा घोषणा देत बोरीबंदराकडे गेला. संयुक्त महाराष्ट्रासाठी दिल्लीलाच निघालेले. खांद्याला एकेक पिशवी, बस्स.

गृहस्थ वैतागले, "खिडकी लावा हो कुणीतरी, नकाशा उडतोय!"

कसला हा माणूस, मी मनात म्हटलं.

खिडकीपाशी मीच होतो. उठून ती लावली आणि ताकभात कालवायला घेतला.