उन्हाळ्याच्या सुट्टीतला पास

अमरावतीच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघीच अशा मास्तरणी होतो, ज्यांना सुट्टी लागली की आनंद व्हायचा नाही. मी लहानपणीच विधवा झालेली. माझ्या मैत्रिणीचं लग्न जमता जमत नव्हतं. मे महिना आला की मी अकोल्याला भावाकडे जायची आणि ती आपल्या मामाकडे.

त्या वर्षी रेल्वेनं सुट्टीसाठी एक सवलतीचा पास काढला. पंधरा दिवस, नागपूर ते भुसावळ, अमरावतीचा फाटा धरून, कितीदाही बसा, कुठंही उतरा. मैत्रीण म्हणाली, "तिकीट काढायचं ते ज्यांना एका ठिकाणी जायचंय त्यांनी. आपण पास काढू." मधल्या सुट्टीत आमचं तेवढंच बोलणं चालायचं. नागपुरात काय पाहायचं, शेगावला दर्शनाला कधी उतरायचं, बरोबर शिदोरी कसली न्यायची.

मग चैत्रात अचानक तिचं लग्न ठरलं. मुलगा बिजवर होता, मलकापूरचा. पंधरवड्यात लग्न होऊन ती सासरी गेलीसुद्धा.

मी एकटीच स्टेशनावर गेले. खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "अकोल्यालाच जायचं ना, बाई? मग तिकीटच घ्या. पास महाग पडेल."

"पासच द्या," मी म्हटलं. "सोबत कोण आहे?" या त्यांच्या पुढच्या प्रश्नावर मी पैसे मोजून खिडकीत सरकवले.

भावाचा मळा अकोल्याबाहेर मोर्णा नदीच्या काठी होता. वांगी, मिरची, थोडा झेंडू. त्यानं पास उलटापालटा करून पाहिला. "हे काहून काढलं? अकोल्याले यायले एक टिकीट पुरते."

वहिनी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पन महिनाभर राहसान ना, बाई? मले यंदा लई काम हाये."

ती वाईट नव्हती. दरवर्षी मी महिनाभर राहायची, राबायची, आणि शाळा उघडली की परत जायची. पण या खेपेला चौथ्याच दिवशी मी पिशवी भरली. भाऊ म्हणाला, "कुठी चालली?" मी म्हटलं, "पास आहे ना. फिरून येते." त्याला ते कळलं नाही, पण त्यानं मला स्टेशनापर्यंत बैलांच्या दमणीतून सोडलं.

मैत्रिणीला मी कार्ड टाकलं होतं की या गाडीनं मलकापूरवरून जाईन. बायकांच्या डब्यात मी खिडकी धरून बसले. पास असल्यामुळे मनात एक आशा होती. ती म्हणाली असती, "उतर," तर मला तिथंच उतरता आलं असतं.

मलकापूरच्या फलाटावर ती आली होती. डोक्यावरून पदर, हातात पाण्याचा तांब्या, आणि शेजारी सासूबाई.

"पासावर आलीस?" तिनं विचारलं.

"हो."

"किती दिवस आहेत अजून?"

"पुष्कळ आहेत," मी म्हटलं.

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. सासूबाईंनी हातातली आंब्यांची पिशवी खिडकीतून आत दिली. "घ्या, बाई. घरचे हायेत. उन्हात जपून जा." शिट्टी झाली. मैत्रिणीनं खिडकीचा गज धरला, गाडीबरोबर दोन पावलं टाकली, आणि सोडला.

डब्यातली एक म्हातारी म्हणाली, "बहीन व्हय का तुमची?" मी मान हलवली, हो की नाही, तिनं तिला वाटेल तसं समजून घेतलं असेल.

भुसावळला बायकांच्या मुसाफिरखान्यात बसून मी दोन आंबे खाल्ले. फार गोड होते. बाकीचे तिथल्या एका लेकुरवाळ्या बाईला देऊन टाकले. परतीच्या गाडीत मलकापूर यायच्या आधी मी उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

पुढं नागपूरलाही गेले. स्टेशनाबाहेर टांगेवाले ओरडत होते, "कुठं जायचं, बाई?" मला सांगता येईना. शहर पाहायचं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. एकटीला त्यातलं एकही ठिकाण आठवेना. बाकावर बसून राहिले आणि संध्याकाळच्या आत बडनेऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत चढले.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरल्यावर फाटकातल्या तिकीट कलेक्टरच्या हातात मी पास ठेवला. तो म्हणाला, "अजून मुदत आहे, बाई. जवळ ठेवा."

"नको," मी म्हटलं.

उरलेली सुट्टी मी खोलीवरच काढली. शाळेला कुलूप होतं, गल्लीतली बिऱ्हाडं आपापल्या गावी गेलेली. दिवस दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. एकदा भाजीवालीशी बोलायला गेले तर आवाज घोगरा आला. मलाच तो परका वाटला.

पुढच्या मे महिन्यात मी अकोल्याचं साधं तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आणि मी वांगी तोडत होतो. तिनं सहज विचारलं, "मांगच्या साली त्या पासावर कुठी कुठी जाऊन आल्या, बाई?"

"नागपूर. भुसावळ."

"कोन हाये तिथं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं आपली टोपली उचलली, पलीकडच्या सरीतून निघून माझ्याच सरीत आली आणि माझ्या शेजारी वाकून तोडायला लागली.