डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं ते

"लई गुणाची पोर हाय वो. किती येळ झाला, रडणं न्हाय, आईकडं वळून बघणं न्हाय."

बारामतीच्या दवाखान्याच्या ओसरीत शेजारी बसलेली बाई हे अगदी कौतुकानं म्हणाली. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, आक्कांनी, पदर कपाळावर ओढला आणि त्या भिंतीकडे बघत राहिल्या. त्यांची अडीच वर्षांची मुलगी खाली बसून माझ्या पिशवीचा बंद बोटावर गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. ह्याच गुणापायी आम्ही इंदापूरहून पहिल्या एसटीनं आलो होतो.

घरी सगळ्यांची परीक्षा घेऊन झाली होती. सासूबाईंनी पाठीमागं परात बडवली, पोरीनं मान वळवली नाही, तेव्हा ती बहिरी ठरली. पण गुळाच्या ढेपेवरचं फडकं सोडलं की ती परसातून धावत यायची, म्हणून मग हट्टी ठरली. आक्कांनी तिच्या जिभेला वेखंड उगाळून लावलं. पोपटानं टोचलेला पेरू खाल्ला की वाचा फुटते, असं कुणीतरी सांगितलं, तर पाटाकडेच्या बागेत जाऊन पेरूच्या झाडांखाली पडलेले टोचके पेरू वेचून आणू लागल्या. पोर पेरू खायची. बोलायची नाही.

मी बघत असे. चांदोबा दाखवला तर ती दाखवणाऱ्याच्या बोटाकडे बघे. दाराची कडी काढायची असली की आक्कांचं मनगट धरून कडीवर नेऊन ठेवी, चेहऱ्याकडे नजरसुद्धा न टाकता. सासूबाई म्हणत, "बघा, कसलं डोकं चालतंय." आक्का एकदा चुलीपुढं मला म्हणाल्या, "तिला मी आई वाटत न्हाय गं. कडी काढायची काठी हाय मी तिची."

त्या घरात मी नवी होते. पुण्याच्या लष्कर भागात इंग्रजी शाळेत शिकले म्हणून सासूबाई मला मडमीण म्हणत. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांच्यासमोर मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. पण मुंबईहून महिन्यातून एकदा येणारे हे डॉक्टर पारशी होते, त्यांचं मराठी मोडकं. तेव्हा सासूबाईंनीच सांगितलं, "न्या मडमिणीला संगं. कवातरी कामाला यील."

आक्कांना पाचवा महिना होता. पोरीतली खोट आईचीच, असं सासूबाई म्हणत. दोष आईकडचा निघाला, तर पोरीसकट त्यांना माहेरी पाठवायचं आणि परत आणायचं का ते मग बघायचं, असं घरात ठरलं होतं. त्यांच्या नवऱ्यानं त्यावर हूं की चूं केलं नव्हतं. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायला तात्या स्वतः आले होते.

आत तात्यांना खुर्ची दिली. आक्का खाली चटईवर बसल्या, मी त्यांच्यामागे. डॉक्टरांनी पोरीच्या कानामागे खिशातलं घड्याळ धरलं. तिनं लगेच मान वळवली. त्यांनी नावानं हाक मारली, दोनदा, मोठ्यानं. ती घड्याळाकडेच बघत राहिली. खिडकीत कावळा बसला होता, तो त्यांनी बोटानं दाखवला, तर तिनं त्यांचं नख निरखलं. घरी दिसत होतं तेच इथंही दिसत होतं, आणि ते आता आमचे भास म्हणून सोडून देता येणार नव्हतं.

मग त्यांनी तिच्या बोटावरचा बंद काढून घेतला. तिनं जी किंकाळी फोडली ती ओसरीपर्यंत गेली असणार. ती जमिनीवर डोकं आपटू लागली. डॉक्टरांनी आक्कांना खूण केली: घ्या, जवळ घ्या. आक्कांनी तात्यांच्या पायांकडे पाहिलं. वडीलधाऱ्यांसमोर आपलं पोर उचलायचं नाही, गोंजारायचं नाही, ही त्या घराची रीत. कुणाचंही मूल असो, मोठ्यांदेखत ते दुसऱ्याच बाईच्या कडेवर. आक्कांचा हात पदरातून निघाला आणि परत आत गेला. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि ते लिहू लागले. बंद परत दिला तो मी.

लिहिणं संपवून ते मला इंग्रजीत म्हणाले, मुलीचे कान चांगले आहेत. ती मिटलेली आहे. परदेशात आता असं मानतात, की आईची माया थंड असली की मूल असं मिटून जातं. मग म्हणाले, "हिला विचारा, हे मूल तिला हवं होतं का?"

मी औषध विचारलं. नाही म्हणाले. मोठी झाल्यावर बोलेल का, विचारलं. त्यांनी हात पसरले आणि दारात उभ्या असलेल्या पुढच्या माणसाला बोलावलं.

"काय म्हणालं ते?" आक्का माझं लुगडं ओढत पुटपुटल्या. "बरी व्हईल का? ह्या पोटातल्याचं काय म्हणालं?"

मी बाहेर चला म्हटलं.

दवाखान्यासमोर लिंबाखाली तात्या थांबले. ऊन चढलं होतं. पोर त्यांच्या काठीच्या सावलीवर पाय ठेवत होती. तात्यांनी माझ्याकडे न बघता आक्कांना विचारलं, "काय म्हणाला डाक्टर? तिला इचार. आईचंच हाय ना?"

आक्का माझ्याकडे बघत होत्या. उत्तर आधीच ऐकून झाल्यासारखा त्यांचा चेहरा होता. कसलंही का असेना, पोरीच्या दुखण्याला काहीतरी नाव मिळू दे, एवढंच उरलं होतं त्यावर. देण्यासारखं नाव माझ्याजवळ नव्हतं. सासूबाई गावठी बोलीत जे म्हणत होत्या तेच डॉक्टर इंग्रजीत म्हणाले होते, आणि ते मराठीत आणायचं काम माझं होतं. मी पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच सरळ तात्यांकडे पाहिलं.

"तात्या," मी म्हणाले, "डॉक्टरांना कारण माहीत नाही. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की आक्कांनी तिला जवळ घेतलं नाही. आणि ते तुम्ही समोर बसला होतात म्हणून."