चिक्कूखालची जांभळी लागण

आष्ट्याच्या अंजनाबाईंच्या परड्यात चिक्कूचं जुनं झाड आहे. त्याच्या सावलीत काही म्हणजे काही येत नसे. झेंडू गेला, शेवंती गेली, गुलाबानं तर महिनाही काढला नाही. शेजारच्या हरणाबाई कुंपणावरून म्हणायच्या, "अंजने, फरशी घाल तिथं आन् मोकळी हो."

जूनमध्ये लेकीनं, संयोगितानं, बेंगळुरूहून एक कुंडी आणली. मोना लॅव्हेंडर. पुदिन्याच्या कुळातलं शोभेचं झाड. पान वरून काळपट हिरवं, खालून वांगी रंगाचं.

"आई, याला सावलीच लागते. जांभळे तुरे येतात, झाडभर!"

सावलीच लागते! लेक परत गेली आणि अंजनाबाईंना राहवेना. एका कुंडीनं एवढी जागा कशी भरायची? लग्न होऊन आल्यापासून त्यांनी दरवर्षी उसाची लागण केलेली. हात विळ्याकडे गेला. सगळं झाड दोन-दोन डोळ्यांच्या कांड्यांत तोडलं. सऱ्या ओढल्या. कांड्या आडव्या मांडल्या, माती लोटली, टाचेनं दाबली.

त्यांचे मालक लालासाहेब, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, चहाचा कप घेऊन आले ते थबकलेच.

"कुंडी रिकामी कशी?"

"समदं लावलं."

"समदं? अगं, ऊस हाय व्हय त्यो?"

आठ दिवस झाले, कोंब नाही. अंजनाबाईंनी बोटानं माती उकरली. कांडी काळी, बुळबुळीत. दुसरी तशीच. तिसरीही. एकुलतं एक झाड, आपल्याच हातानं कुजवलं. लेकीला काय सांगायचं?

शेवटच्या सरीवरची माती पावसानं धुऊन नेली होती. तिथली उघडी कांडी त्यांनी उचलायला घेतली. ती उचलेना. खाली पांढरीशुभ्र मुळं!

"आवं, या! पळत या! धरलं!"

लालासाहेब एकाच पायात चप्पल घालून धावले.

त्या सरीतल्या सात कांड्या जगल्या होत्या. हिला उसासारखं खोल गाडायचं नव्हतं, एवढंच. पुढं अंजनाबाई शेंडा खुडत, खुडलेला शेंडा शेजारी खोचत, तोही धरे. दसऱ्यापर्यंत चाळीस रोपं झाली. दिवस लहान झाले तसे शेंड्यांत कळ्या दिसू लागल्या, आणि दिवाळीनंतर एका सकाळी चिक्कूखालची सगळी जमीन फुलली.

अंजनाबाईंनी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. फोन थेट तुऱ्यांत खुपसला.

"आई, मागं घे गं! नुसतं जांभळंच दिसतंय!"

"आगं, हायच नुसतं जांभळं!"